काळी बाटली आणि बंद केलेली गोळी

श्रावणी सोमवार होता, म्हणून अण्णा चहाही न घेता आले होते. त्यामुळे उपाशीपोटीची साखर आयतीच हाती लागली : २८६. नऊ वर्षांच्या त्यांच्या फायलीत एवढा आकडा याआधी एकदाही नव्हता.

“गोळ्या चालू आहेत ना?”

“न्हाई. बंद केल्यात. सात आठवडं झालं.”

“कामून?”

“आमच्या हापशाच्या पाण्यात गॅस निघालाय, साहेब. त्या गॅसनंच शुगर होती म्हनं. पाणी सोडलंय आता. मग गोळ्यांचं काय काम?”

मागे सून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहून नुसती मान हलवली. ‘आता तुम्हीच बघा’ अशा अर्थानं.

अण्णा केज तालुक्यातल्या एका खेड्यातले, वय ५६. पंचवीस हंगाम ऊसतोडीला गेले, आता तीन एकरांत सोयाबीन आणि तूर करतात. मधुमेह दुसऱ्या प्रकारचा. मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी एकदा, एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. उन्हाळ्यात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ८.२ होती. चांगली नव्हे, पण सांभाळता येण्यासारखी. आता तीच १०.९ आली. फराळानंतरची साखर ३९४. वजन सहा किलोनं उतरून ६१ वर आलेलं, रात्री चार-पाच वेळा उठावं लागायचं, जीभ कोरडी. इन्शुलिन फारच कमी पडल्याची खूण असणारे कीटोन लघवीत नव्हते, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक होतं, पायाला जखम नव्हती. नशीब, एवढंच म्हणायचं.

पण गॅसचं काय प्रकरण आहे हे समजल्याशिवाय गोळी परत पोटात जाणार नव्हती, हे अण्णांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. म्हणून त्या दिवशी इतर रुग्णांना थोडं थांबवून मी सगळी हकिकत ऐकून घेतली.

झालं होतं ते असं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलं आहे. अण्णांची सून त्या पाचांतली. मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर तिनं हापशाचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरलं. त्या बाटलीला सगळे एच-टू-एस बाटली म्हणतात. बाटली काळी पडली. तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘एच-टू-एस पॉझिटिव्ह’. काम चोख केलं होतं.

नातू अंबाजोगाईला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला एच-टू-एस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू, हे पाठ होतं. त्यानं मोबाइलवर ‘हायड्रोजन सल्फाइड’ आणि ‘डायबेटिस’ हे शब्द टाकले. समोर आलं की हा वायू इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम दाबतो, त्या पेशी मारतो. अण्णांना मधुमेह, चुलत आजोबांना मधुमेह, मागल्या आळीतल्या मावशींना मधुमेह, आणि तिन्ही घरं त्याच हापशाची. पोरानं धागा जोडला. खरं सांगायचं तर त्याच्या जागी विसाव्या वर्षी मी असतो तर मीही जोडला असता.

मग घरी वीस लिटरचा जार येऊ लागला, रोज तीस रुपये. आणि अण्णांनी स्वतःच्या डोक्यानं पुढची पायरी गाठली : कारण गेलं, आता औषधही नको.

मी सुनेला एकच प्रश्न विचारला. “बाटली पाणी ओतल्या ओतल्या काळी झाली, का दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी. रातच्याला नुसती पिवळट होती.”

“आणि पाण्याला वास?”

“कशाचाच न्हाई.”

या दोन उत्तरांत पाण्याचा निकाल लागला. ही बाटली १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी सुचवलेल्या चाचणीवर बेतलेली आहे. तिच्यात वाळवलेल्या कागदाच्या पट्टीवर पेप्टोन हे जिवाणूंचं खाद्य, गंधक असलेलं थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार असतो. विष्ठेतून पाण्यात येणारे कितीतरी जिवाणू थायोसल्फेट खाऊन हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तो लोहाशी जुळतो आणि काळं आयर्न सल्फाइड तयार होतं. म्हणजे वायूसाठी लागणारं गंधक बाटलीतच ठेवलेलं असतं. हापशातून वायू आला नव्हता, जंतू आले होते. वायू बाटलीत, रात्रभरात, त्या जंतूंनी बनवला. पाण्यातच सल्फाइड असतं तर बाटली भरता भरताच काळवंडली असती, आणि त्याआधी नाकानं सांगितलं असतं. लिटरला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम एवढ्या सल्फाइडचाही माणसाला वास येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फाइडची मर्यादाही ०.०५ मिलिग्रॅमच आहे.

चाचणीचं नाव जर ‘घाण पाणी बाटली’ असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं, असं मला राहून राहून वाटतं. ज्या वस्तूचा शोध घ्यायचा तिचं नाव न देता, ती सापडल्याची खूण म्हणून जो वायू निघतो त्याचं नाव चाचणीला दिलं. रजिस्टरात ते नाव गेलं, तिथून पोराच्या मोबाइलमध्ये.

पण नातवानं जे वाचलं ते खोटं नव्हतं. इथंच हे प्रकरण नुसत्या अफवेपेक्षा वेगळं होतं. आणि कबूल करतो, त्या दिवशी मला त्या संशोधनाची जेमतेमच माहिती होती. पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन या, असं म्हणून मी दोन रात्री वाचत बसलो.

इन्शुलिन बनवणारी बीटा पेशी कसं काम करते ते आधी पाहावं लागतं. जेवणानंतर रक्तातली साखर पेशीत शिरते, जाळली जाते, आणि तिच्यातून एटीपी हे इंधन तयार होतं. पेशीच्या भिंतीत पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं असतात, त्यांना के-एटीपी वाहिनी म्हणतात. एटीपी वाढलं की ही दारं बंद होतात. पोटॅशियम आत अडकतं, भिंतीवरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची वेगळी दारं उघडतात, आणि कॅल्शियम आत घुसलं की इन्शुलिनच्या थैल्या बाहेर फुटतात. दार उघडं राहिलं तर पेशी थंड. दार बंद, तर इन्शुलिन बाहेर.

हायड्रोजन सल्फाइड हे दार उघडं ठेवतो. २००५ मध्ये कॅनडातल्या रुई वांग यांच्या गटानं उंदरांच्या इन्शुलिन-पेशींत हे दाखवलं. पुढच्या वर्षी जपानमधल्या इचिरो निकी यांच्या गटाला दिसलं की सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल पेशींना जास्त दिलं तर इन्शुलिन कमी सुटतं, आणि त्यामागं हाच वायू असावा. कारण हा वायू पेशी स्वतः बनवतात, सिस्टीनपासूनच. त्यासाठी त्यांच्याकडं विकरं, म्हणजे एन्झाइम, आहेत, त्यातलं एक सिस्टाथायोनीन गॅमा-लायेज. नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यासारखा हाही शरीरातला निरोप्या वायू आहे. मेंदूत तो निरोप्याचं काम करत असावा, हे १९९६ मध्ये आबे आणि किमुरा यांनी सुचवलं होतं. तोवर वैद्यकाच्या पुस्तकांत तो फक्त गटारातला मारेकरी होता.

२००७ मध्ये वांग यांच्याच गटानं दाखवलं की वायूचं प्रमाण वाढलं की बीटा पेशींतली प्रथिनं घडवणारी यंत्रणा ताणाखाली येते आणि पेशी स्वतःला संपवतात. २००९ मध्ये झुकर जातीच्या मधुमेही उंदरांच्या स्वादुपिंडात हा वायू जास्त बनतो असं दिसलं, आणि तो बनवणारं विकर रोखल्यावर त्या उंदरांचं इन्शुलिन वाढलं, साखर उतरली. नातवाच्या मोबाइलवर आलं होतं ते हेच.

त्याच्या मोबाइलवर जे आलं नव्हतं ते असं : त्याच २००९ साली निकी यांच्या गटाला उलटंच सापडलं. साखर जास्त झाली की बीटा पेशी हा वायू जास्त बनवतात, आणि तो त्यांना जास्त साखरेनं मरण्यापासून वाचवतो. २०१३ मध्ये त्यांनी हा वायू बनवणारं विकरच नसलेल्या उंदरांना चरबीयुक्त खाणं दिलं, तेव्हा त्यांच्या बीटा पेशी लवकर खचल्या. भरीस भर, २०१० मध्ये अमेरिकेतल्या सुशील जैन यांच्या गटाला दुसऱ्या प्रकारच्या मधुमेही माणसांच्या रक्तात हा वायू निरोग्यांपेक्षा कमी आढळला. जास्त नव्हे, कमी.

पहिल्यांदा वाचल्यावर डोकं भणाणलं. एक म्हणतो मारतो, दुसरा म्हणतो वाचवतो. त्यात रक्तातला हा वायू मोजण्याची जुनी रंगाची पद्धत बरीच फसवी, तिनं येणारे आकडे खऱ्यापेक्षा खूप मोठे निघायचे. पण आपल्याकडच्या उसाच्या ट्रॅक्टरचा विचार केला की हे मला तरी उमगतं. दोन ट्रॉल्या भरून मांजरसुंब्याचा घाट उतरायचा तर ब्रेक लागतोच. ब्रेक नसेल तर गाडी दरीत. पण सपाटीवर ब्रेक दाबूनच ठेवला तर गाडी कारखान्याला पोचत नाही, आणि वर ब्रेकही जळतो. भरमसाट साखरेखाली बीटा पेशी दिवसरात्र इन्शुलिन ओतत राहते, तिच्यासाठी थोडा ब्रेक म्हणजे विसावा. पण तोच ब्रेक कायम दाबलेला राहिला तर इन्शुलिनच सुटणार नाही. किती वायू, किती वेळ, आणि पेशी आधीच किती थकलेली, यावर सगळं आहे. डायझॉक्साइड नावाचं औषध हेच दार उघडतं, आणि इन्शुलिन नको तेवढं सुटणाऱ्या रुग्णांना ते दिलं जातं. दार उघडल्यानं इन्शुलिन थांबतं हे त्यामुळं माणसांतही पक्कं ठाऊक आहे. विसाव्याचा भाग मात्र अजून बहुतेक उंदरांत आणि काचेच्या बशीतच आहे. या वायूवर चालणारं मधुमेहाचं एकही औषध आज रुग्णाला देता येत नाही.

पुढच्या सोमवारी नातू आला. हुशार पोरगा, प्रश्न लिहून आणलेले. पहिलाच प्रश्न : “सर, पाण्यात थोडा जरी असला, तर रोज पिऊन साठणार नाही का?”

आम्ही कागदावर हिशेब मांडला. मानकातली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे रेणूंच्या मापात साधारण दीड मायक्रोमोल. पेशींवरच्या प्रयोगांत सल्फाइडचा क्षार १०० मायक्रोमोलच्या घरात किंवा त्याहून जास्त ओततात, आणि तोही थेट पेशींवर. पिलेलं पाणी आधी आतड्यात जातं. आपल्या मोठ्या आतड्यात जिवाणू हा वायू एवढा बनवतात की तिथलं प्रमाण हजार मायक्रोमोलच्या आसपास पोचू शकतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तो जाळून थायोसल्फेट आणि सल्फेट करून टाकतात. तो साठत नाही. हापशाच्या घोटानं स्वादुपिंडाला काही होत असतं, तर मुळ्याची भाजी खाणारं एकही घर वाचलं नसतं. पोरगा हसला. इथं सगळी शंका फिटली असं नाही म्हणणार, पण वही बंद केली त्यानं.

वायू नाकातोंडातून गेला तर गोष्ट निराळी, हेही त्याला सांगितलं. शेणाच्या टाकीत, बंद विहिरीत, मैल्याच्या खड्ड्यात तो साठतो, नाक बधिर करतो म्हणून वासही येईनासा होतो, आणि पेशींचा श्वासच बंद पाडतो. खाली उतरलेला पहिला माणूस पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. तिथं या वायूला भ्यायचं. हापशावर नाही.

दुसरा प्रश्न खरा वस्ताद होता. “आजोबांच्या गोळीतपण सल्फर आहे. ग्लिमेपिराइड म्हणजे सल्फोनिलयुरिया. मग ती गोळी गॅस वाढवत असेल ना?”

असा प्रश्न माझ्या शिकाऊ डॉक्टरांनी विचारला असता तर मी खूश झालो असतो. उत्तर असं की त्या गोळीतलं गंधक ऑक्सिजनशी घट्ट बांधलेलं असतं, त्यातून शरीरात हायड्रोजन सल्फाइड सुटत नाही. सल्फोनिलयुरियाचा जन्म मात्र गंधकाच्याच औषधातून झाला. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथं मार्सेल जानबाँ हे टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते, आणि रुग्णांची साखर धोकादायक उतरू लागली. ऑगस्त लुबातिएर यांनी त्यामागचं कारण धुंडाळलं, आणि त्यातून सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या निघाल्या.

आणि ती गोळी करते काय? तीच के-एटीपी दारं बंद करते. हायड्रोजन सल्फाइड जे दार उघडतो, नेमकं तेच. हे सांगताना मी अण्णांकडं पाहत होतो, नातवाकडं नाही. “अण्णा, समजा पोराचं सगळं खरं. समजा पाण्यातल्या गॅसनं तुमच्या पेशींची दारं उघडी पडली. मग ती लावून घेणारी एकच गोळी तुमच्याकडं होती, आणि तुम्ही तीच उकिरड्यावर टाकली.”

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “उकिरड्यावर न्हाई टाकली. फळीवर हाय.”

“किती?”

“तीन पाकिटं.”

नातवाकडं तिसरा प्रश्नही होता, लसणाचा. २००७ मध्ये असं दिसलं आहे की लसणातली गंधकाची संयुगं तांबड्या रक्तपेशींत हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात. त्यावरून लसूण खाऊन साखर जाते असा एक संदेश गावात फिरत होताच. म्हणजे एकाच घरात हा वायू साखर वाढवतो म्हणून पाणी बंद, आणि तोच वायू साखर घालवतो म्हणून लसूण सुरू! पोरानं स्वतःच हे बोलून दाखवलं आणि ओशाळला. लसूण चटणीत खा, गोळीच्या जागी नको, एवढं सांगून तो विषय मी आवरला.

उपचाराचं साधंच. सहा किलो उतरलेलं वजन आणि १०.९ हा आकडा पाहता नुसत्या गोळ्यांवर भागवायला माझं मन होईना. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड पूर्वीसारखं, सोबत रात्री ग्लार्जिन इन्शुलिन १० युनिट. दारं बंद करणारी गोळी आणि वर सुई, म्हणून साखर एकदम खाली आली तर काय वाटतं ते घाम, थरथर, भूक या शब्दांत तिघांनाही तोंडपाठ करून घेतलं, आणि खिशात साखरेची पुडी ठेवायला लावली. “सुई लागली म्हणजे संपलं,” असं अण्णांच्या तोंडून आलंच. मी म्हणालो, ही सुई ब्रेकचं काम करतेय, थकलेल्या पेशीला थोडा विसावा देतेय. ऊसतोडीच्या माणसाला ट्रॅक्टरची भाषा पुरते. सुई सून द्यायची, पंधरा दिवसांनी अण्णा स्वतः घेऊ लागले.

“पण मग माझ्या पेशी खराब कशानं झाल्या?” हा प्रश्न त्यांनी जाता जाता दारात विचारला. याचं एका वाक्यात उत्तर नाही. त्यांचे वडील मधुमेही होते. चाळिशीनंतर तोडीचं अंगमेहनतीचं काम सुटलं आणि पोट सुटलं. निदान होतं तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशींची जवळजवळ अर्धी ताकद आधीच गेलेली असते, असं इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासातून दिसलं आहे. म्हणजे हापशाची बाटली काळी व्हायच्या कितीतरी आधी हे सुरू झालं होतं. मावशी आणि अण्णांचे चुलत भाऊ यांचंही तसंच : तिघांत हापसा समान होता खरा, पण तो तर अख्ख्या आळीत समान होता. मधुमेह नसलेली पंचवीस घरं कुणी मोजली नव्हती.

उरलेल्या पेशी किती जिवंत आहेत हे सांगणारी सी-पेप्टाइड तपासणी मी लगेच केली नाही. साखर तीनशेच्या घरात असते तेव्हा जिवंत पेशीही मुक्या होतात, आणि आकडा उगाच घाबरवतो. नोव्हेंबरात केली, गावातल्या टोळ्या कारखान्यांवर गेल्यानंतर. १.९ आली. पेशी आहेत. एचबीए१सी ७.८. इन्शुलिन तोवर आठ युनिटवर आणलं होतं, महिनाभरात थांबवलं. वजन चार किलो परत आलं.

पाण्याचं काम त्याआधीच मार्गी लागलं होतं, आणि त्यात माझा हात नाही. सुनेनं ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं की बाटली काळी म्हणजे पाण्यात मैला उतरतोय. हापशाचा ओटा फुटलेला होता, शेजारून गटार वाहत होतं, पहिल्या पावसाचं पाणी तिथंच मुरत होतं. ओटा बांधून घेतला, गटार वळवलं, जलसुरक्षकानं टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून पाण्यात क्लोरीन उरलं का ते दाखवणारी ओटी टेस्ट घेतली. पुढच्या तीन बाटल्या अठ्ठेचाळीस तास ठेवल्या, पिवळ्याच राहिल्या.

अण्णा मात्र जारच पीत राहिले. गोळीचं पटलं होतं, हापशाचं मन होत नव्हतं. शेवटी सुनेनं एक बाटली जारच्या पाण्यानं भरली आणि देवळीत ठेवली, कुणाला न सांगता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळीकुट्ट होती. तिनं ती तशीच सासऱ्यांपुढं धरली.

अण्णांनी बाटली उजेडात फिरवून बघितली आणि म्हणाले, “त्या जारवाल्याला म्हनावं, माझं तीन महिन्यांचं पैसं दे.”